टायरला फुगा आलाय? अजिबात घाई करू नका

सिंहस्थाच्या कामांसाठी नाशिक जागोजागी खोदलेलं असताना तुमच्या गाडीला एकही खड्डा लागला नसता तरच नवल. द्वारकेला लागला असेल, पाथर्डी फाट्याला लागला असेल, किंवा ज्या रस्त्यावर काल संध्याकाळपर्यंत खड्डा नव्हता तिथे लागला असेल. धाडकन आवाज आला, तुम्ही कुणाच्या तरी नावाने दोन शब्द बोललात आणि पुढे निघालात. घरी आल्यावर पार्किंगमध्ये दिसलं, पुढच्या डाव्या टायरच्या साइडवॉलला, म्हणजे बाजूच्या भिंतीला, फुगा आलाय. चला, आता दिवाळीपर्यंत गप्पांना विषय पुरेल.

पहिलं पथ्य म्हणजे टायरवाल्याकडे जायचं नाही. गेलात तर तो खाली बसेल, अंगठ्याने फुगा दाबेल आणि म्हणेल, "साहेब, बदला." यातच ओळखा, याला टायर विकायचाय. ज्याची त्या विषयात रोजीरोटी आहे त्याचा सल्ला घेऊ नये. सल्ला अशा माणसाचा घ्यावा, ज्याला तुम्ही टायर घेतलात काय आणि नाही घेतलात काय, काहीच फरक पडत नाही. त्याला टायरमधलं काही कळत नसेल तर फारच उत्तम. असा माणूस पूर्णपणे निःस्वार्थी असतो.

नाशकात अशा माणसांची वानवा नाही. प्रत्येकाचा एक मेव्हणा सातपूरला नाहीतर अंबडला कंपनीत असतो. कंपनीत आहे म्हणजे तो वाहनशास्त्रातला अधिकारी. मग तिथे तो कॅंटीनचा हिशेब का बघत असेना. तो फोनवरून, फुगा न बघता सांगेल, "काही होत नाही हो भाऊजी, माझा दोन वर्षं तसाच चालला." शेजारचे काका खाली येऊन बघतील. त्यांच्या टायरच्या बाजूलाही असंच काहीतरी होतं आणि दुकानदारानेच काळजी करू नका म्हणून सांगितलं होतं. काकांच्या टायरला आत गेलेली खळी होती. साइडवॉलमध्ये जिथे आतल्या थराचे जोड येतात तिथे अशी उथळ, उभी खळी दिसते आणि ती निरुपद्रवी असते. तुमचं प्रकरण आत गेलेलं नाही, बाहेर आलेलं आहे. पण एवढ्या फरकासाठी वडीलधाऱ्या माणसाला दुखवू नये.

एवढं करूनही पाय टायरच्या दुकानाकडे वळलेच, तर तो माणूस तुम्हाला शिकवायला बसेल. रेडियल टायरमध्ये पोलादी तारांचे पट्टे असतात ते नक्षीखाली. बाजूला पोलाद नाही. तिथे एका बीडपासून, म्हणजे रिमवर बसणाऱ्या टायरच्या कडेपासून, दुसऱ्या बीडपर्यंत गेलेल्या दोऱ्यांचा थर असतो, बहुतेक पॉलिस्टरच्या, आणि वर रबर. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यात साइडवॉल चिमटली की आतल्या दोऱ्या तुटतात. मग 33 पीएसआय हवा अडवायचं काम एकट्या रबरावर पडतं, आणि ते बाहेर येतं. नक्षीतल्या खिळ्याचं पंक्चर काढता येतं, कारण तिथे खाली पोलादाचा आधार आहे. साइडवॉल चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला वाकते, तिथे पॅच टिकत नाही आणि तुटलेली दोरी कुणी जोडून देत नाही. फुटपाथला घासून नुसतं वरचं रबर खरचटलं असेल तर गोष्ट वेगळी. चिरेतून दोरा दिसला किंवा फुगा आला की विषय संपला. शेवटी तो म्हणेल, "साहेब, हे हर्नियासारखं आहे." इथे त्याला पकडा. आमच्या मामांनी हर्निया पंधरा वर्षं सांभाळला, असं ठणकावून सांगा आणि बाहेर पडा.

आता घरगुती उपाय. टायर रिमवरून उतरवून उलटा बसवायचा, म्हणजे फुगा आतल्या बाजूला जातो. दिसत नाही म्हणजे नाही. काही टायरांवर 'आउटसाइड' असा शिक्का असतो आणि ती बाजू बाहेरच ठेवायची असते, पण शिक्का मारणाऱ्याला काय माहीत आपली परिस्थिती. दुसरा उपाय ज्येष्ठांमध्ये फार लोकप्रिय आहे: तो टायर मागे टाका. पुढचा फुटला तर स्टिअरिंग ओढतं, निदान हातात काहीतरी उरतं. मागचा फुटला की गाडीची शेपूट फिरते आणि स्टिअरिंगने फारसं काही साधत नाही. तरी मागचा टायर चालवताना डोळ्यासमोर नसतो, हा फायदा लहान समजू नका. तिसरे जाणकार सुचवतील, फुग्याला ताण नको म्हणून हवा जरा कमी ठेवा. हवा कमी ठेवली की साइडवॉल जास्त वाकते, जास्त तापते आणि राहिलेल्या दोऱ्यांचीही सुटका होते. चौथा म्हणेल ट्यूब टाकून घ्या. घ्या टाकून. दोऱ्या तुटलेल्याच राहतील, पण काहीतरी केल्याचं समाधान मिळेल.

विम्याची आठवण इथवर आलीच असेल. पॉलिसी काढा आणि बारीक अक्षर वाचा. खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत एकट्या टायरचं नुकसान भरून मिळत नाही. त्याच वेळी गाडीचंही नुकसान झालं असेल तर मात्र टायर बदलण्याच्या खर्चाच्या 50 टक्क्यांपर्यंत मिळतात. म्हणजे आत्ता नुसता फुगा आहे तोवर तुमच्या हातात शून्य. तो फुटून गाडी दुभाजकावर गेली की टायरच्या निम्म्या पैशांचा मार्ग मोकळा. थांबण्यात शहाणपण आहे हे यावरून पटायला हरकत नाही.

पैशांचं म्हणाल तर पाच-सहा हजार ही काय चेष्टा आहे? त्यात तो टायरवाला एका एक्सलवर जोडी सारखी हवी म्हणून दोन घ्या म्हणणार. एवढ्या पैशांत सीट कव्हर येतं, किंवा आवडीच्या नंबरची निम्मीअर्धी फी निघते. सीट कव्हर निदान पाहुण्यांना दिसतं. आणि सिंहस्थापर्यंत सगळे रस्ते गुळगुळीत होणारच आहेत, मग टायरला लागेल कशाला? 2015 च्या सिंहस्थातही असंच ऐकलं होतं, पण आशा सोडू नये.

टायर पक्का आहे याची खात्री करायची असेल तर गल्लीबोळात फिरून काय कळणार? सिन्नरकडून नाहीतर भरवीरकडून समृद्धीला लागा. जून 2025 पासून सगळा 701 किलोमीटर खुला आहे, सिमेंटचा, आणि मोटारीला ताशी 120 ची मुभा आहे. 185/65 आर 15 मापाचा टायर त्या वेगाला सेकंदाला सतरा फेरे घेतो. सेकंदाला सतरा वेळा तो फुगा गाडीच्या वजनाखाली येऊन वाकेल आणि सुटेल. उन्हाळ्यातली दुपार निवडा, मागे तीन माणसं आणि डिकीत सामान घ्या. मेव्हण्यालाही बोलवा, पण त्या दिवशी त्याला नेमकं काम निघेल.

एवढं सगळं वाचूनही घरच्यांनी कटकट केली आणि टायर घ्यावाच लागला, तर जुना दुकानात फुकट सोडून येऊ नका. एक तर तो डिकीत स्टेपनी म्हणून ठेवता येतो, म्हणजे रात्री कसारा घाटात दुसरा टायर गेला की हाच कामाला येईल. नाहीतर दुकानदार त्याचे दोनशे देईल, तुम्ही अडीचशे मागा. पुढे तो कुणाच्या गाडीला जाणार याची चौकशी करायची नाही. आणि पुढच्या महिन्यात भाच्यासाठी जुनी गाडी बघायला जाल, तेव्हा विकणाऱ्याला चारही टायर धडधाकट आहेत ना, हे मात्र अगदी खोदून खोदून विचारा.