‘दुभती गाय’ म्हणण्याआधी हिशेब मांडून पाहा

प्रौढांसाठीचे स्वतंत्र गेम बनवणाऱ्यांबद्दलचा एक मजकूर सध्या जिकडेतिकडे फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: ‘पेट्रिऑन (निर्मात्यांना दरमहा वर्गणी देण्याचं संकेतस्थळ) ही या लोकांची दुभती गाय. हजार माणसं दरमहा पाच डॉलर देतात, म्हणजे घरबसल्या पाच हजार. असल्या गेमला ना कष्ट लागतात ना जाहिरात, आणि गाय आटू नये म्हणून ते गेम मुद्दाम अर्धवट ठेवतात.’ मी स्वतः अशा तीन निर्मात्यांना बरीच वर्षं वर्गणी देतोय. यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, बाकीची चूक आहेत.

आधी ते पाच हजार. ऑगस्ट २०२५ नंतर पेट्रिऑनवर आलेल्या निर्मात्याकडून कंपनी १० टक्के घेते. त्यावर कार्डाच्या व्यवहाराचा खर्च: तीन डॉलरच्या वरच्या वर्गणीला २.९ टक्के अधिक ३० सेंट. म्हणजे पाच डॉलरमधले साधारण ९५ सेंट वाटेतच जातात. एक डॉलर देणाऱ्याच्या वर्गणीतून तर २५ सेंट कापले जातात. पाच हजारांचे उरले चार हजारांच्या आसपास. त्यातून कर, चित्रकार, संगीत, आवाज देणारे. शिवाय ही हजार माणसं दर महिन्याला तीच नसतात. बरेच जण एक महिना भरतात, नवा भाग उतरवून घेतात आणि निघून जातात. हा गणिती तर्क नेहमी वरच्या मोजक्या नावांकडे बघून केला जातो. ज्यांची वर्गणी विजेच्या बिलालाही पुरत नाही, त्यांची पानं कुणी उघडतच नाही.

‘कष्ट लागत नाहीत’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागतं. गेम ज्यावर बांधतात ते रेनपाय हे इंजिन फुकट आहे, त्रिमितीय पात्रं उभी करणारा डॅझ स्टुडिओही फुकट मिळतो, त्यामुळे सुरुवात करणं सोपं आहे, हे मान्य. पण पात्रांचे कपडे, केस, खोल्या विकत घ्याव्या लागतात. आणि मग रेंडर, म्हणजे त्या मांडणीवरून संगणकाने पक्कं चित्र तयार करणं. एका भागात ४०० चित्रं आहेत आणि प्रत्येकाला २० मिनिटं लागतात असं धरा: संगणक साडेपाच दिवस अखंड चालतो. एका चित्रात हात टेबलातून आरपार गेलेला दिसला की ते पुन्हा करायचं. तीन सेकंदांच्या हालचालीला, सेकंदाला ३० चित्रं धरली तर, ९० चित्रं.

त्याहून अवघड असतात फाटे. दुसऱ्या भागात नायकाने मैत्रिणीला खरं सांगितलं की खोटं, हे खेळणाऱ्याने ठरवलं. चौथ्यात तो नोकरी सोडतो की टिकवतो, हेही त्यानेच. आता पाचव्या भागातलं एकच जेवण चार तऱ्हांनी लिहावं लागतं: कुठे ती बोलते, कुठे अबोला, कुठे पैशांवरून भांडण. खेळणाऱ्याला त्यातलं एकच दिसतं. ‘तीन महिने थांबलो आणि वीस मिनिटांत संपलं’ अशी तक्रार मीही केली आहे. उरलेले तीन रस्ते खेळून पाहिल्यावर मला ती मागे घ्यावी लागली.

‘जाहिरात लागत नाही’ म्हणणाऱ्याने हा माल विकायला ठेवून पाहावा. ॲपलच्या आणि गूगलच्या दुकानांत त्याला प्रवेश नाही. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या दुकानाने २०१८ मध्ये दार उघडलं, पण विक्रीतले ३० टक्के ते ठेवतात, आणि गिऱ्हाइकाने सेटिंगमध्ये जाऊन परवानगी दिल्याशिवाय निव्वळ प्रौढांसाठीचे गेम दिसतही नाहीत. जुलै २०२५ मध्ये स्टीमने नियम जोडला की पेमेंट कंपन्यांच्या आणि बँकांच्या नियमांत न बसणारा मजकूर चालणार नाही. त्याच महिन्यात स्वतंत्र गेम विकणाऱ्या इच डॉट आयओ या संकेतस्थळाने, पेमेंट कंपन्यांच्या दबावाचं कारण देत, प्रौढांसाठीचे गेम शोध आणि याद्यांमधून एका फटक्यात काढले, तेही आगाऊ सूचना न देता. पानं होती, पण नव्या माणसाला सापडत नव्हती. ज्या धंद्यात दुकान रातोरात अदृश्य होतं, तिथे दरमहाची वर्गणी हा हावरटपणा नसतो. पुढच्या महिन्याचं भाडं भरता येईल याची तेवढीच काय ती हमी.

आता ते अर्धं खरं. दरमहा पैसे मिळत असतील तर घाई करण्याचं कारण उरत नाही, आणि याचा गैरफायदा घेणारे आहेत. महिनोन्महिने नुसती ‘काम चालू आहे’ची चित्रं टाकणारा एक मी स्वतः सोडला. पण अर्धवट राहिलेला प्रत्येक गेम फसवणूक नसतो. ‘ब्रीडिंग सीझन’ या गेमला महिन्याला हजारो डॉलर मिळत होते, तरी २०१६ मध्ये तो बंद पडला, कारण चित्रकार आणि निर्माता वेगळे झाले आणि चित्रांचे हक्क चित्रकाराकडे राहिले. तिथे पैसा कमी पडला नाही, करार कमी पडला. उलट ‘बीइंग अ डिक’ या गेमचा पहिला हंगाम २०२० मध्ये स्टीमवर विकायला आला आणि पुढचं काम वर्गणीवर चालूच राहिलं. संपवलेला भाग स्वतंत्रपणे विकता येतो. तो संपवण्यात निर्मात्याचाही फायदा असतो.

त्यामुळे वर्गणी देण्याआधी मी गेम किती वर्षं चाललाय हे मोजत नाही. मागच्या वर्षभरात खेळता येण्याजोगे भाग किती आले ते पाहतो. आणि काम न झालेल्या महिन्यात निर्मात्याने वसुली थांबवली का, तेही. पेट्रिऑनवर ती सोय आहे, आणि मी ज्यांना अजून पैसे देतो त्यातल्या दोघांनी आजारपणात ती वापरली होती.