स्लिपवरचे दोनशे रुपये

परवा सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तोच विषय निघाला. आम्ही टॅक्स भरायचा आणि सरकारने तो लाडक्या बहिणींना फुकट वाटायचा. लिहिणारे बहुतेक नोकरदार. मीही नोकरदारच, म्हणून आधी पगाराच्या स्लिपबद्दल बोलते.

दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जातो ना, तो १९७५ साली महाराष्ट्रात आला तोच मुळी रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला. १९७२च्या दुष्काळात माझी आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथे खायला मिळणाऱ्या सुकडीबद्दल ती शेवटपर्यंत सांगायची. वि. स. पागे यांनी मांडलेल्या या योजनेचा १९७७ साली कायदा झाला. मागेल त्याला काम, आणि काम देता आलं नाही तर बेकारी भत्ता. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराचा भार थोडा उचलायचा, हे आपल्या राज्याने तेव्हाच कबूल केलं होतं. आजीला कुणी फुकटी म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं.

आता आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी. पाच घरची धुणीभांडी, वर आजारी सासूचं सगळं. लाडकी बहीण योजनेचे महिन्याला दीड हजार म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. त्यात सासूची औषधं आणि बचत गटाचा हप्ता निघतो. हे लाड?

पैसा मोठा आहे, मान्य. २०२४ साली योजना आली तेव्हा वर्षाला ४६,००० कोटी सांगितले होते, पुढच्या वर्षी तरतूद ३६,००० कोटींची झाली. हिशोब मागायलाच हवा. सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांचा निधी इकडे वळवला, ते मला अजिबात पटलेलं नाही. एका गरिबाच्या ताटातलं काढून दुसऱ्या गरिबाला वाढायचं, हे कसलं वाटप?

पण माझं खरं भांडण वेगळंच आहे. रोजगार हमी कायदा होता. लाडकी बहीण नुसत्या शासन निर्णयावर, म्हणजे सरकारी आदेशावर चालते. म्हणून निवडणुकीत २१०० चं आश्वासन मिळतं आणि निवडणूक झाली की छाननी सुरू होते. २०२५ मध्ये ई-केवायसी, म्हणजे ओळखीची ऑनलाइन पडताळणी आली तेव्हा नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला. ज्यांचे दोघेही गेलेत त्या बायकांनी ओटीपी कुणाच्या फोनवर मागवायचा? सगळ्यात निराधार बाई सगळ्यात आधी अडकली. आणि दाद मागायला तिच्या हातात काही नव्हतं, कारण हा तिचा हक्क आहे असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही.

तेव्हा ग्रुपवरच्या मंडळींनो, हिशोब मागणारा अर्ज जरूर करा, मीही सही करीन. फक्त त्यात दोन ओळी माझ्या घाला. या मदतीचा कायदा करा, रक्कम आणि तारीख त्यात लिहा. आणि नाव कापायचं असेल तर आधी त्या बाईला लेखी कारण द्या, तिचं म्हणणं ऐका.