लाल फुली

रोज संध्याकाळी तेच! लेकीला शाळेत न घालता घरीच शिकवतेय, अकरावं वर्ष चालू आहे तिचं. अपूर्णांक तिला जड जातात, म्हणून भाकरीचे आठ तुकडे करून समजावलं. सहा उचलले तर ६/८, म्हणजेच पाऊण. डोळे चमकले पोरीचे! मग ऑनलाइन स्वाध्यायात तिने ६/८ लिहिलं आणि आली लाल फुली. ०.७५ लिहिलं, परत फुली. त्या स्वाध्यायाला ३/४ च हवं होतं. अहो, मग 'संक्षिप्त रूप द्या' असं प्रश्नात लिहा ना! किंमत तर तिन्हींची एकच आहे.

काय चुकलं ते सांगत नाहीत, तीनदा चुकलं की धडा पुन्हा पहिल्यापासून. पेन्सिल आपटून ती म्हणाली, "आई, मला गणित येतच नाही." जीव तुटला माझा. येतंय गं बाळा, तुला येतंय!

नातेवाईक म्हणतात, शाळेत घाल. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून (एनआयओएस, शाळेत न जाता परीक्षा देता येते ते सरकारी मंडळ) दहावी द्यायला १४ वर्षं पूर्ण लागतात, अजून वेळ आहे आमच्याकडे. उद्यापासून आधी वहीत सोडवायचं, मी तपासणार. मगच ते यंत्र.