दहावीनंतरचं पगारी काम : बाईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

बाई, नमस्कार.

'दहावीच्या सुट्टीत मुलांना पगारी काम करू द्या' या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत. महापालिकेच्या शाळेत आयुष्यभर शिकवलं असं तुम्ही म्हणता, म्हणून बाईच म्हणते. तुमचा आक्षेप थोडक्यात असा : पहाटे पेपर टाकून आलेली मुलं तुमच्या वर्गात पहिल्याच तासाला पेंगायची, त्यातली कितीतरी नववीच्या आत गळाली, त्यांच्याबद्दल बोलायचं सोडून मी सुखवस्तू घरांतल्या मुलांच्या हौसेला श्रमसंस्कार म्हणते, आणि त्यामुळे बालमजुरीला आयतं निमित्त मिळतं. शेवटी विचारलंत, स्वतःच्या मुलाला पाठवाल का?

पेंगणाऱ्या मुलांबद्दल आपलं दुमत नाहीच. पण त्यावरून 'अठरा वर्षांपर्यंत कुणीच कमवू नये' इथवर तुम्ही जाता, तिथे मी थांबते. माझी कसोटी एकच आहे. 'उद्यापासून येत नाही' असं त्या मुलाला मालकाला सांगता येतं का? सांगितलं तर घरातलं काही अडतं का, म्हणजे किराणा, धाकटीची फी, वडिलांनी घेतलेली उचल? अडत असेल, तर पोरगं चौदाचं असो की सतराचं, ते काम त्याच्यासाठी नाही. तुमच्या वर्गातल्या त्या मुलांना पेपरची लाइन सोडता येत नव्हती. त्यांचं नुकसान तिथून सुरू झालं.

पेपरचं उदाहरण तुम्ही दिलंत ते एका अर्थाने फार नेमकं आहे. पुण्यात पहिली कमाई म्हटलं की हेच काम सगळ्यांच्या तोंडी येतं, आणि कितीजण ते कौतुकाने सांगतात. पण १९८६ चा बालमजुरीविरोधी कायदा २०१६ मध्ये दुरुस्त झाला, त्यानुसार चौदा ते अठरा वयाच्या मुलांना संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी आठच्या आधी कामावर ठेवताच येत नाही. पहाटेची लाइन त्यात बसत नाही. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, मग निदान तासभर विश्रांती, ती धरून सहा तासांत सगळं आटोपायचं, ओव्हरटाइम नाही, आठवड्याला एक सुट्टी. खाणी, स्फोटकं, धोकादायक प्रक्रिया पूर्ण बंद. दिवाळीतल्या फटाक्यांच्या स्टॉलवर 'चार दिवसांचाच तर प्रश्न आहे' म्हणून पोरांना उभं करतात, तेही याच बंदीत येतं. ही बंदी मोडणाऱ्या मालकाला वीस ते पन्नास हजार दंड किंवा सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा दोन्ही. म्हणजे कायद्याने पंधरा-सोळाच्या मुलाला कामाची दारं बंद केलेली नाहीत. दिवसातला एक तुकडा तेवढा मोकळा ठेवलाय. तो तुकडा चांगला वापरावा, एवढंच माझं म्हणणं होतं.

तो कसा वापरला जातो ते मी जवळून पाहिलंय. आमच्या सोसायटीतल्या एका मुलीने दहावीचा निकाल लागल्यावर अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकाच्या दुकानात काम धरलं. अकरा ते दोन, मध्ये तासभर जेवण, मग पाचपर्यंत. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, त्याआधीच्या दिवसांत त्या चौकात पाय ठेवायला जागा नसते. पालक शाळेची यादी नाचवत उभे. सातवी सेमी, बालभारतीचा संच, वह्या दोनशे पानी आखीव की चौरेघी, प्रयोगवही, कव्हर ब्राउन की प्लॅस्टिकचं. यादी हातात घ्यायची, माळ्यावरच्या पोराला ओरडून सांगायचं, संच जुळवायचा, सुतळी बांधायची, बिलाला पाठवायचं. एकदा मी तिथे असताना एक गृहस्थ तिच्यावर डाफरले. गणिताचं पुस्तक जुन्या छपाईचं दिलंय म्हणाले. तिने पुस्तक उघडून आतल्या पानावरचं आवृत्तीचं साल दाखवलं, आवाज न चढवता. ते गप्प झाले. मालक गल्ल्यावरून बघत होते, मध्ये पडले नाहीत. त्या मुलीला शाळेत तोंडी परीक्षेला घाम फुटायचा, हे मला तिच्या आईकडून माहीत आहे. बाई, हे वर्गात शिकवता येत नाही असं मी म्हणणार नाही, पण अनोळखी, घाईतल्या, चिडलेल्या माणसासमोर उभं राहण्याचा सराव वर्गात मिळत नाही.

आणि तिला ते काम सोडता येत होतं. अकरावीचा प्रवेश नक्की झाला तशी तिने सोडलंही, गर्दी ओसरायच्या आत. मालक जरा कुरकुरले. घरात कुणाचंच काही अडलं नाही.

आता तुम्ही न काढलेला मुद्दा मीच काढते, कारण मला तो पेपरच्या लाइनपेक्षा जास्त छळतो. चौदाच्या आतल्या मुलांना कायद्याने सगळी कामं बंद केली, पण शाळेनंतर आणि सुट्टीत घरच्या उद्योगात मदत करायला मुभा ठेवली. ऐकायला साधं वाटतं. पोहे-मिसळीची गाडी, इस्त्रीचं दुकान, फुलांचे हार, घरी चालणारं पापड-लोणच्याचं काम, हे सगळं 'घरचं'. तिथे 'उद्यापासून येत नाही' हे आईवडिलांना कसं सांगायचं? शाळा बुडू नये अशी अट कायद्यात आहे, पण डोळ्यांवर झोप घेऊन शाळेत बसलेलं मूल हजेरीपटावर हजरच दिसतं. बाहेरच्या दुकानात निदान मालक परका असतो, वेळ ठरलेली असते, पगार ठरलेला असतो. घरच्या कामात यातलं काहीच नसतं. सुखवस्तू घरांची मी पाठराखण करते असं तुम्हाला वाटलं, म्हणून मुद्दाम लिहिते : मोठ्या दुकानदाराच्या मुलालाही हेच लागू आहे. गल्ल्यावर बसवलेला, पगार नसलेला, नाही म्हणायची सोय नसलेला मुलगा मी ओळखीच्या घरांतच पाहिलाय.

डिलिव्हरीच्या कामाबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंत, त्यावर माझं मत तुमच्याहून कडक आहे. मामाच्या आयडीवर, मामाच्या स्कूटरवर सतरा वर्षांचा मुलगा रात्री दहाला ऑर्डर पोचवतो, हे कुठल्याच सबबीवर मान्य नाही. गाडीचा परवाना अठराला मिळतो; सोळाला मिळतो तो पन्नास सीसीपर्यंतच्या दुचाकीचा. २०१९ पासून अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंडापेक्षा त्या पोराचा जीव मोठा.

'पैसा हातात आला की अभ्यासातून लक्ष उडतं,' असंही तुम्ही म्हणता. काहींचं उडतं. म्हणून मी शाळा चालू असताना काम नको म्हणते, सुट्टीतच हवं. पण मिळालेला पैसा त्याचाच राहू द्या. आयकराचा कायदासुद्धा मुलाच्या नावावरच्या ठेवीचं व्याज पालकाच्या उत्पन्नात धरतो, आणि मुलाने मेहनतीने किंवा कौशल्याने कमावलेलं मात्र त्याचं स्वतःचं मानतो. दहा वर्षांपुढच्या मुलाला बँकेत स्वतः चालवायचं बचत खातंही उघडता येतं. आईबाप 'घरात दे' म्हणाले की पुढच्या महिन्याचा हिशेब त्या पैशावर बसतो, आणि मग काम सोडणं अवघड होतं.

लेखात भाऊराव पाटलांचं नाव मी घेतलं, ते तुम्हाला आवडलं नाही. त्यांची रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून तिथल्या मुलांनी राबून शिक्षण घेतलं, आणि ते काम शिक्षणासाठी होतं. शिक्षण तोडून ते काम कुणी करावं असा विचारच तिथे नव्हता. म्हणून ते नाव मला इथे योग्य वाटतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. माझा मुलगा नववीत आहे. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात काम करू का, असं त्याने या सुट्टीसाठी विचारलं होतं, मी नको म्हटलं. 'दहावीनंतर परत विचारलंस तर बघू,' असं सांगितलं. तेव्हा विचारलं तर पाठवीन. अल्पवयीन मुलाने केलेला करार कायद्याने टिकत नाही, म्हणून मालकांशी आधी मीच बोलेन : वेळ, जेवणाची सुट्टी, पगार किती आणि कुठल्या तारखेला. आणि मुलाला सांगेन, की नको वाटलं तर मला न विचारताही सोडलंस तरी चालेल, फक्त मालकांना तोंडावर सांगून ये.