डिझायनर घ्या, पण चित्रासाठी नको

जुळे सोलापुरातल्या आमच्या घराचं काम काढायचं हे आता पक्कं झालंय. अण्णांनी नव्वदच्या दशकात बांधलेलं घर, बाथरूममधल्या फरशा उचलल्यात, वायरिंग त्या काळचं, किचनमधला कडप्पा एका बाजूनं खचलाय, त्यामुळे काम करायचं यावर कुणाचंच दुमत नाही. भांडण आहे ते इंटेरिअर डिझायनर घ्यायचा का नाही यावर. दादाला पुण्याचा एक डिझायनर पसंत पडलाय, वहिनीला सगळं एकहाती करून चावी देणारी कंपनी हवीय, अण्णांचं म्हणणं आपला सुतार आहे, गवंडी आहे, वायरमन आहे, मग नुसत्या चित्रांना पैसे कशाला घालायचे, आणि कॅनडातला मावसभाऊ अधूनमधून ग्रुपवर येऊन 'इकडे आम्ही सगळं हातानंच करतो' एवढं टाकून गायब होतो. मी स्टुटगार्टमधे. माझं मत विचारलंय ते खर्चात माझा वाटा आहे म्हणून, हे मला कळतं, पण विचारलंय तर सांगते.

आधी मावसभावाचं बघू, कारण परदेशात राहणारी आपली माणसं हे वाक्य फार फेकतात. अर्धं खरं आहे. इथं जर्मनीत भाड्याचं घर घेतलं तर बऱ्याचदा किचनच्या जागी नुसते पाईप बाहेर आलेले असतात, ओटा कपाटं सिंक सगळं आधीचा भाडेकरू उचलून घेऊन गेलेला, छताला दिव्याऐवजी वायर लोंबकळत असते, त्यामुळे ड्रिल मशीन हातात धरायला इथं सगळेच शिकतात (फक्त रविवारी धरायची नाही, शेजारी लगेच बेल वाजवतात). पण भिंतीत पाणी किंवा करंट असलेलं काम आलं की हेच हौशी लोक गुपचूप कारागिराला फोन करतात.

आणि तो कारागीर कसा असतो तेही बघा. फरशीवाला इथं ३ वर्षं उमेदवारी करून शिकतो. स्वतःचा धंदा टाकायला त्यावरची मास्टरची परीक्षा लागते. ही अट २००४ मधे फरशीवाल्यांसकट बऱ्याच धंद्यांसाठी काढून टाकली होती, मग कामाचा दर्जा घसरला, शिकायला पोरं येईनात अशी ओरड झाली आणि २०२० ला फरशीवाल्यांसाठी परत आणली. आमच्या फ्लॅटचं बाथरूम केलं तेव्हा आम्ही डिझायनर घेतला नव्हता. फरशीवाला आला, लेझरनं मापं घेतली आणि नंतर क्वोटेशन पाठवलं, त्यात जुनी फरशी फोडून राडारोडा न्यायचा खर्च, वॉटरप्रूफिंगचे थर, उतार किती, सगळं ओळीओळीनं. बांधकामाच्या कामात दोष निघाला तर कायद्यानं ५ वर्षं जबाबदारी त्याची. शिवाय घरातल्या दुरुस्तीच्या मजुरीतले २० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त १२०० युरो, इन्कम टॅक्समधून वजा मिळतात, पण बिल हवं आणि पैसे बँकेतून दिलेले हवेत, रोख दिले की सवलत गेली. त्यामुळे 'बिल नको, थोडं कमी करा' असं म्हणायचा मोह सहसा होत नाही.

म्हणजे डिझायनरचं निम्मं काम इथं कारागीर, कायदा आणि बिल हे तिघं मिळून करून टाकतात. सोलापुरात हे तिन्ही ढिले आहेत. म्हणून 'जर्मनीत कोण घेतंय डिझायनर' असं म्हणून विषय संपवला तर ती तुलनाच लबाड आहे.

मग दादाच्या बाजूनं बोलतेय का, तर तसंही नाही, कारण दादाला जे आवडलंय ती थ्रीडी चित्रं आहेत. आणि चित्र हा या कामातला सगळ्यात स्वस्त भाग आहे. हे मी मनानं सांगत नाही. जर्मनीत आर्किटेक्ट आणि इंटेरिअर आर्किटेक्टच्या फीचा एक सरकारी नियम आहे, होआई म्हणतात त्याला. २०२१ पासून त्यातले दर बंधनकारक राहिले नाहीत, पण कामाची वाटणी लोक अजून तशीच धरतात. इंटेरिअरसाठी १०० टक्के फी ९ टप्प्यांत वाटलीय, आणि त्यात सुरुवातीचा आराखडा ७ टक्के, पक्कं डिझाईन १५ टक्के, कारागिराच्या हातात द्यायची मापासकट ड्रॉइंग्ज ३० टक्के आणि साईटवर उभं राहून काम बघणं ३२ टक्के. सोफ्यावर उन्हाची तिरीप पडलेली जी चित्रं बघून आपण हो म्हणतो ती या हिशोबात पहिल्या बावीसमधे येतात. बासष्ट टक्के किंमत ड्रॉइंगची आणि देखरेखीची. (इथं इंटेरिअर आर्किटेक्ट ही पदवी कुणालाही लावता येत नाही, आर्किटेक्ट लोकांच्या अधिकृत संस्थेच्या, म्हणजे चेंबरच्या यादीत नाव असावं लागतं. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं 'आर्किटेक्ट' राखीव आहे, 'इंटेरिअर डिझायनर' मात्र कुणीही म्हणवून घ्यावं.)

अण्णांच्या सुताराबद्दल माझ्या मनात काडीचा संशय नाही. त्यानं केलेलं शिसवी देवघर अजून हललेलं नाही. पण त्याचं माप तोंडी, आणि कागद म्हणजे प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलनं मारलेल्या रेघा, तो तुकडा संध्याकाळी दुसऱ्या कशाला तरी कापला जातो. एकट्या सुताराचं काम असेल तर हे चालून जातं. आता मात्र प्लंबर, वायरमन, फरशीवाला, पीओपीवाला, रंगारी सगळे एका घरात येणार, आणि आरओचा पॉइंट कुठं, मिक्सरचा कुठं, इन्व्हर्टरची लाईन कुठून हे प्लास्टरच्या आधी ठरलं नाही तर नवीन टाईल लागल्यावर वायरमन छिन्नी घेऊन येणारच. मग भांडण होतं, प्लंबर म्हणतो मला सांगितलं नाही, फरशीवाला म्हणतो माझं काम झालं, पैसे द्या. अण्णांना वाटतं देखरेख फुकट होतीय. फुकट कुठली, ती त्यांच्या गुडघ्यांवर चाललीय.

दादानं पाठवलेली चित्रं मी नीट बघितली, एक एक झूम करून. पांढरंशुभ्र किचन, मधे आयलंड, वर लटकणारे तीन दिवे, हॉल आणि किचनमधली भिंत काढलेली. आई रोज ज्वारीच्या भाकरी करते, शेंगादाण्याची चटणी घरात कुटली जाते, लाल तिखटाचा ठसका गेटपर्यंत जातो, आणि तो आता थेट सोफ्याच्या कापडात जाणार. वर्षाची मंगळवेढ्याची ज्वारी पोत्यानं येते ती ठेवायची कुठं याचं उत्तर त्या चित्रात नाही, पुलआउट ट्रॉलीत पोतं बसत नाही. ओट्याची उंची ३४ इंच धरलीय, का, तर स्टँडर्ड आहे. आईची उंची पाच फुटाच्या आत. साधा हिशोब असा की कोपरापासून १० ते १५ सेंटीमीटर खाली ओटा असावा, म्हणजे आईला ३१-३२ इंच, आणि भाकरी थापायच्या जागी आणखी एखाद-दोन इंच खाली, कारण भाकरी मनगटानं नाही, खांद्याच्या जोरावर थापली जाते. हे विचारायला आईला पाच मिनिटं उभं करून टेप लावावी लागते, एवढंच. इथल्या किचनच्या दुकानातला सेल्समनसुद्धा आधी उंची विचारतो.

बाथरूमला छतातला मोठा रेन शॉवर. टाकी गच्चीवर, शॉवरपासून जेमतेम १० फूट वर, म्हणजे प्रेशर ०.३ बार सुद्धा नीट मिळत नाही, त्यात कसला पाऊस, ठिबक सिंचन होईल. उजनी काठोकाठ भरलं तरी आमच्या नळाला पाणी चार-चार दिवसांनी येतं आणि कधी पहाटे कधी रात्री, त्यामुळे अंगणातला हौद आणि मोटरचा स्टार्टर या आमच्या घरातल्या सगळ्यात महत्त्वाच्या दोन वस्तू. पुण्याच्या साहेबांनी हौदावर लाकडी डेक टाकलाय, कुंड्यांसकट. हौद धुवायला उतरायचं कसं ते विचारलं तर म्हणाले 'बघू, रिमूव्हेबल करू'.

उन्हाचं तर कुणी बोलतच नाही. एप्रिल-मेमधे ४२-४३ डिग्री, स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री सगळी उष्णता खाली सोडतो. चित्रात त्यावर उपाय म्हणून फॉल्स सीलिंग आणि एसी. अहो, ऊन वरून येतंय तर आधी गच्चीवर चायना मोझॅक किंवा पांढरं कोटिंग करा, ते सीलिंगच्या दिव्यांपेक्षा पुष्कळ स्वस्तात होतं, मग खाली काय नटवायचं ते नटवा. इथं थंडीची उलटी तऱ्हा आहे पण लोक डोकं तिथंच लावतात, छताला भिंतींना इन्सुलेशन करायचं आणि त्याला सरकारी अनुदान हवं असेल तर एनर्जी एक्सपर्ट घ्यावाच लागतो. पडद्याचा रंग मात्र ज्याचा तो ठरवतो.

वहिनीच्या कंपनीचं 'डिझाईन फ्री' हे मला सगळ्यात महाग वाटतं. फ्री काही नसतं, ते प्लायमधे, ट्रॉलीत, बिजागरीत वसूल होतं. आणि हे फक्त आपल्याकडे होतं असं मुळीच नाही, इथल्या किचन स्टुडिओतही प्लॅन फुकट काढून देतात, फक्त सही केल्याशिवाय तो बहुतेक घरी न्यायला मिळत नाही, म्हणजे दुसरीकडे भाव विचारायची सोयच नाही. आपल्याकडे वर आणखी एक भानगड म्हणजे दुकानातून सुटणारं कमिशन, डिझायनरला सुटतं तसं सुतारालाही सुटतं, कुणी उघड बोलत नाही एवढंच. म्हणून मी म्हणते फी वेगळी आणि माल वेगळा. डिझायनरला त्याची फी उघड द्या, कामाच्या टक्क्यात नको, कारण टक्केवारी असली की खर्च वाढला तर त्याचं भलंच होतं. ठोक रक्कम ठरवा, वर १८ टक्के जीएसटी लागला तर लागू दे, पक्कं बिल घ्या. माल आपण आणायचा, त्याच्या यादीप्रमाणे. आणि यादीत 'चांगला प्लाय' असं लिहिलेलं नको, सिंकखाली आयएस ७१० (पाण्याला टिकणारा मरीन प्लाय), कोरड्या कपाटांना आयएस ३०३ (साधा प्लाय), जाडी किती, लॅमिनेट किती एमएमचं, कडा कशानं बंद करायच्या, असं लिहिलेलं हवं. मग तीच यादी घेऊन अण्णांनी तीन दुकानं फिरावीत, त्यांना ते आवडतंही.

नुसता रंग किंवा एखादं कपाट करायचं असतं तर अण्णांचंच बरोबर होतं. आणि ती हॉलची भिंत खरंच काढायची असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, आमच्याकडे स्लॅबचा भार पिलरवर आहे का भिंतींवर हे अण्णांनाही आता खात्रीनं आठवत नाही. डिझायनरनं 'निघेल की' म्हणणं म्हणजे उत्तर नव्हे.

तर माझं मत, डिझायनर घ्यायचा, पण सोलापुरातला. पुण्याचा माणूस महिन्यातून दोनदा येणार, बाकी व्हॉट्सॲपवर, आणि उंटावरून शेळ्या हाकायला मी एकटी पुरेशी आहे. होटगी रोडला किंवा सात रस्त्याला ऑफिस असलेला, पाणी कधी येतं हे ज्याला सांगावं लागत नाही असा एखादा तरुण आर्किटेक्ट बघा, त्याच्याकडे आधी केलेल्या घराचे फोटो मागू नका, वायरमनला दिलेलं ड्रॉइंग मागा. ते नसेल तर त्यानं आजवर चित्रंच विकलीत. काम चालू असताना आठवड्यातून तीनदा साईटवर येणार हे करारात लिहून घ्या, आणि न आल्यास काय हेही. किचनचं सगळं आई ठरवणार, त्यात दादा, मी आणि वहिनी कुणीच बोलायचं नाही (वहिनीला हे पटलेलं नाही, ती म्हणते किचनमधे मीही असते, आणि तिचं चूक नाहीये, तर दोघींनी बसून ठरवावं).

गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत निम्मे कारागीर यात्रेत असतात, म्हणून गड्डा उठल्यावर सुरू करू आणि ऊन चढायच्या आत फोडाफोडी तरी संपवू. पैसे टप्प्याटप्प्यानं, टप्पा झाल्यावर, खात्यातून. शेवटचे दहा टक्के पहिला पावसाळा जाऊन बाथरूमची मागची भिंत कोरडी आहे हे आईनं सांगेपर्यंत माझ्याकडे राहतील. दादाला हे मान्य आहे, अण्णांना तर फारच आवडलंय. या अटीवर काम घ्यायला कोण तयार होतो ते आता बघायचं.