तीन तारा उतरवल्या आणि यमन अडला

पक्याने बंड्याची गिटार उचलली, नेहमीसारखा जी कॉर्ड धरला, तारांवरून हात फिरवला आणि गिटार अंगापासून लांब धरली. "काय घाण करून ठेवलीयस ही?"

"घाण नाही, डॅडगॅड ट्यूनिंग. सहावी, दुसरी आणि पहिली, तिघी दोन-दोन फ्रेट, म्हणजे एकेक पूर्ण सूर खाली. मधल्या तीन जागच्या जागी. खालून वर डी, ए, डी, जी, ए, डी."

"मग सगळ्या सहा उतरव ना! निदान बोटं तरी तीच राहतील."

पक्याचा मुद्दा चुकीचा नव्हता. त्याच्या बँडमध्ये गायकाचा गळा वर पोचत नाही, म्हणून सगळे अर्धा सूर खाली लावतात आणि कुणालाच काही नवीन शिकावं लागत नाही. पण पक्या मुद्द्यावर थांबेल तर तो पक्या कसला. "ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीने १९७१च्या अल्बमसाठी तारा तीन फ्रेट खाली घेतल्या होत्या. कारखान्यात त्याच्या दोन बोटांची टोकं गेली होती, सैल तार दाबायला बरी पडायची. तुझी दहाच्या दहा शाबूत आहेत. तुला कसली अडचण?"

"तू म्हणतोस ते म्हणजे माडीवरचं सामान जसंच्या तसं तळमजल्यावर आणणं," बंड्या म्हणाला. "मी भिंती हलवल्यात."

"आणि आता घरात वाट सापडत नाही."

हे मात्र खरं होतं. आठवडाभर बंड्या बोटं शोधतच होता. एका बोटाने सगळ्या तारा दाबायचे बार कॉर्ड मोडलेले, पाठ असलेली प्रत्येक आकृती निकामी. शिवाय सहावी, सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झवरून ७३वर आली की तिचा ताण साधारण २० टक्क्यांनी घटतो. जोरात छेडली की ती फ्रेटवर खरखरते आणि क्षणभर सूर वर जाऊन मग जागेवर येतो. एक गेज जाड तार लावली तर हे बरंच थांबतं, पण बंड्या आळशी.

शमी इतका वेळ ऐकत होती. ती गाणं शिकलेली, गिटारशी तिचा काही संबंध नाही. "डीला सा म्हण आणि एकेक तार वाजव," ती म्हणाली. बंड्याने वाजवल्या, तिने गुणगुणत नावं दिली : सा, प, सा, म, प, सा.

"अरे, हा तर तानपुराच झाला. म-प दोन्ही असलेला."

बंड्याचा चेहरा उजळला. आठवडाभर त्याला जे सांगता येत नव्हतं ते हिने सहा अक्षरांत सांगितलं. "बरोबर! गंधारच नाही. त्यामुळे मेजरही नाही, मायनरही नाही. तो तू घालायचास." साठच्या दशकाच्या सुरुवातीला डेव्ही ग्रॅहम या इंग्रज वादकाने मोरोक्कोतल्या ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या साथीला बसता यावं म्हणून हे ट्यूनिंग वापरलं, हेही त्याने ऐकवलं. सुरावटीच्या संगीताला षड्ज धरून ठेवणारं वाद्य लागतं, कॉर्ड बदलत धावणारं नाही. मला ते लगेच पटलं.

मग त्याने जे दाखवलं त्याला पक्यासुद्धा गप्प बसला. चौथी तार उघडी, सा. तिच्याच दुसऱ्या फ्रेटवर रे, चौथ्यावर ग. तिसरी उघडी म, दुसरी उघडी प. पुन्हा दुसऱ्या फ्रेटवर ध, चौथ्यावर नी, आणि पहिली उघडी, वरचा सा. आख्खं सप्तक दोन फ्रेटांत. सा-रे-ग आणि प-ध-नी, दोन्हीकडे बोटांची चाल एकच. उघड्या तारा थांबत नाहीत, त्यामुळे म वाजत असतानाच त्यावर प येऊन बसतो, संतूरसारखा.

"रे आणि ध कोमल कर," शमी म्हणाली. दुसऱ्याऐवजी पहिला फ्रेट, दोन्ही तारांवर. भैरव. बस्स, इतकंच. बंड्या इतका खूश झाला की तीनदा वाजवला. तिसऱ्यांदा चुकला, ते असो.

"आता यमन," शमी म्हणाली.

बंड्याने तिसऱ्या तारेचा पहिला फ्रेट दाबून यमनला लागणारा तीव्र मध्यम काढला. ठीक. पण बोट उचलून सगळ्या तारांवरून हात फिरवला की उघडा शुद्ध मध्यम मध्येच ठणकायचा. दोनदा झालं, तीनदा झालं.

"हा पाहुणा कोण?" शमीने विचारलं.

पक्याला हेच हवं होतं. "बघ! आपलं साधं ट्यूनिंग कुणाच्याच घरचं नाही, म्हणून ते सगळीकडे चालतं. गाणं ईमध्ये येऊ दे, बीमध्ये येऊ दे. तुझ्या गिटारने राग आधीच ठरवून टाकलाय."

मी इथवर बंड्याच्या बाजूने होतो. इथे डळमळलो.

शमीचा आक्षेप वेगळाच निघाला. "मला तुझा गंधारही टोचतोय. चढा आहे." बंड्या ट्यूनर दाखवायला लागला. पण तिचं बरोबर होतं. फ्रेटवरचा गंधार समान अंतरांच्या हिशेबाने बसवलेला असतो, नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट वर (अर्धा सूर म्हणजे १०० सेंट). एरवी कॉर्डच्या गर्दीत ते खपून जातं. खाली सा-प सतत घुमत असले की लपत नाही. म्हणजे ज्या तानपुऱ्याचं बंड्याला इतकं कौतुक, त्यानेच त्याची चोरी पकडली.

"तो मध्यम काढून तिथे गंधारच लाव," ती म्हणाली. "उघडी तार तर कानाने लावता येते ना?"

तिसरी तार अर्धा सूर खाली. जीची एफ शार्प. बंड्याने खुंटी सैल केली तसा पक्या न राहवून ओरडला, "सरळ खाली येऊन थांबू नकोस! नटमध्ये, खुंट्यांजवळच्या पट्टीच्या खाचेत, तार अडकते, मग मध्येच सुटते. जास्त खाली जा आणि वर चढत ये." विरोधक असला तरी तारेचे हाल त्याला बघवत नाहीत.

बंड्या खाली गेला, वर आला. ट्यूनरवर हिरवं लागलं.

"अजून किंचित खाली," शमी.

"अगं, हिरवं आहे."

"ते बंद कर. खाली जा, परत वर ये… हां. इथे."

सहाही तारा एकदम छेडल्या. काय झालं ते लिहून सांगता येणार नाही, पण कंप मिटला आणि गिटारचं पोट छातीला जाणवलं, असं बंड्या म्हणाला. तीव्र मध्यमही त्याच तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर मिळाला.

पक्याने गिटार ओढून घेतली, तिसऱ्या तारेचा तिसरा फ्रेट दाबला आणि उघड्या दुसऱ्या तारेशी ताडून पाहिला. "हा घे तुझा पंचम. उतरलाय. एक सूर सुधारायला गेलात, त्या तारेवरचे बाकीचे सगळे खाली गेले."

"पंचम शेजारी उघडा ठेवलाय की," शमी म्हणाली. "तू तिथे गेलासच कशाला?"