वजन उतरल्यावर लागणारी भूक खोटी नसते

माझ्या मावशीने नेटाने वजन उतरवलंय. तिला मधुमेह आहे आणि गोळ्या चालू आहेत. परवा तिने एक फॉरवर्ड पाठवून विचारलं, "मग आता गोळ्या सोडू का?" तोच मजकूर मला आणखी तीन ग्रुपवर दिसला, म्हणून हे लिहायला बसले.

मजकुराचं म्हणणं असं: वजन उतरलं की ९० दिवसांत आतड्यातले हार्मोन 'रीसेट' होतात. त्यानंतर लागणारी भूक खोटी, मनाचा कमकुवतपणा. दिवसातून एकदाच जेवा, साखर कायमची जाते, गोळ्या सुटतात. आणि जेवताना भाज्या आधी खा.

आधी त्या 'खोट्या भुके'बद्दल, कारण मला सगळ्यात जास्त संताप तिचाच आला. जेवणाआधी जठरातून घ्रेलिन वाढतं आणि भूक लागते. अन्न आत गेलं की ते उतरतं आणि आतड्यातून सीसीके, पीवायवाय, जीएलपी-१ हे हार्मोन सुटतात. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचतो तो त्यांच्यामुळे. आता वजन घटवल्यावर यांचं काय होतं, हे मेलबर्नच्या संशोधकांनी मोजलंय. २०११ साली ते न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं. लोकांना १० आठवडे अगदी कमी उष्मांकाचा आहार दिला, सरासरी साडेतेरा किलो वजन उतरलं. घ्रेलिन वाढलं. सीसीके, पीवायवाय आणि चरबीतून येणारं लेप्टिन घटलं. वर्षभराने पुन्हा तपासलं, ठरावीक नाश्त्याच्या आधी आणि नंतरही. तरी हार्मोन मूळ पातळीवर आलेले नव्हते आणि भूक पहिल्यापेक्षा जास्तच होती.

वर्षभराने! मग हे ९० दिवस आले कुठून? शरीर गमावलेलं वजन परत मागत असतं आणि ती मागणी रक्तात मोजता येते. अशा वेळी माणसाला 'तुझं मन कमकुवत आहे' म्हणणं म्हणजे धाप लागलेल्याला श्वास घेऊ नको म्हणण्यासारखं आहे. मावशी महिनोन्महिने स्वतःला दोष देत होती. तिला कोणीतरी हे आधीच सांगायला हवं होतं.

साखर कायमची जाते? यात अर्धं खरं आहे, ते नाकारत नाही. वजन घटलं की यकृतातली आणि स्वादुपिंडातली चरबी कमी होते आणि साखर सुधारते. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' चाचणीत वजन घटवणाऱ्या गटातल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह वर्षभराने रेमिशनमध्ये (म्हणजे साखर मधुमेहाच्या पातळीखाली) होता, तोही गोळ्यांशिवाय. पण दोन वर्षांनी हा आकडा ३६ टक्क्यांवर आला. शिवाय त्यात घेतलेले सगळे मधुमेह होऊन सहा वर्षंही न झालेले आणि इन्सुलिन न घेणारे होते. त्यांच्या गोळ्या थांबवल्या त्या डॉक्टरांनी, नियमित तपासण्या ठेवून. 'कायमची' हा शब्द फॉरवर्ड लिहिणाऱ्याने पदरचा घातलाय.

भाज्या आधी खाण्याबद्दल बोलायचं तर ते बरोबर आहे, घ्या. २०१५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींना भाज्या आणि प्रथिनं आधी, पिष्टमय पदार्थ नंतर दिले. पिष्टमय पदार्थ आधी खाल्ले त्या वेळेपेक्षा तासाभराने साखर ३७ टक्के कमी भरली. माणसं मात्र ११ होती आणि फरक त्या जेवणापुरता मोजलेला.

राहिलं एकच जेवण, आणि इथे जिवाशी गाठ आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर तुम्ही जेवलात की नाही हे त्या औषधाला कळत नाही. ते साखर खाली आणतच राहतं. घाम, थरथर, धडधड, मग बोलण्यात गोंधळ, शुद्धही हरपू शकते. ज्यांचं वजन जठराच्या बायपास शस्त्रक्रियेने उतरलंय त्यांना तर एकदम भरपेट खाणं आणखी त्रासाचं. अन्न झपाट्याने लहान आतड्यात उतरतं, जीएलपी-१ आणि इन्सुलिन उसळतं आणि काहींची साखर एक ते तीन तासांत धाडकन खाली येते. म्हणूनच त्यांना थोडं थोडं, विभागून खायला सांगतात.

तेव्हा मावशी, आणि हा मजकूर आलेले बाकी सगळे, वजन उतरलंय तर डोस कमी होऊ शकतो, कदाचित गोळी सुटेलही. पण तीन महिन्यांच्या सरासरीची साखर तपासून घ्या, गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांसमोर ठेवा आणि विचारा. तोवर जेवण चुकवू नका.